पिवळ्या मण्याचा रुमाल

माझा स्वभाव मुळीच संशयी नाही. लोकच तसे वागतात, त्याला मी काय करणार!

त्या पावसाळ्यात मोबाइलवर बघून बघून मी क्रोशा शिकले. साखळी जमली, खांब जमले आणि आमच्या इंदापूरच्या घरात एकही वस्तू उघडी राहिली नाही. रिमोटला झबलं, मिक्सरला टोपी, ह्यांच्या चष्म्याच्या घराला झालर! मोटारसायकलच्या आरशांना मी हौसेनं बांधलेली फुलं हे कोपऱ्यावर गेले की सोडून खिशात घालतात, हे मी गच्चीवरून पाहिलं. बोलले नाही. (लक्षात ठेवलं.) माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, गोठ्याकडं बघत म्हणाल्या, "आता तेवढं म्हशीच्या शिंगाचं माप घे. ती एकटीच ऱ्हायलीय."

मग संक्रांत जवळ आली. दरवर्षी हळदीकुंकवाला त्याच गाळण्या नि त्याच वाट्या वाटायच्या! मी ठरवलं, यंदाचं वाण माझ्या हातचं. तांब्यावर झाकायचा नाजूक गोल रुमाल, कडेनं पांढरे मणी ओवलेले. असे एकतीस! पण बेत बाहेर फुटता कामा नये. इंदापुरात दोरा घेतला असता तर दुकानातून घरी पोचायच्या आत निम्म्या गल्लीनं क्रोशाच्या सुया काढल्या असत्या. म्हणून मी थेट बारामती गाठली. परतीच्या एसटीत नेमक्या शेजारच्या शोभावहिनी भेटल्या.

"काय हाय वो ताई पिशवीत?"

"औषधं."

"एवढी? कुणाला काय झालं?"

"आत्यांना," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं!

संध्याकाळी वहिनी डझनभर संत्री घेऊन आजाऱ्याला बघायला आल्या. आजारी माणूस अंगणात कुऱ्हाडीनं लाकडं फोडत होतं. वहिनींनी एकदा आत्यांकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. आत्यांनी संत्री ठेवून घेतली.

महिनाभर दार लावून विणलं. एकतिसाव्या रुमालाला शेवटचा पांढरा मणी कमी पडला, तिथं मी जुन्या माळेतला पिवळा मणी ओवला. तो रुमाल मुद्दाम शोभावहिनींना द्यायचा ठरवला. उद्या इकडचं तिकडं झालं तर ओळखायला बरं!

हळदीकुंकू काय रंगलं म्हणून सांगू! "अगं बाई, किती नाजूक!" "ताई, तुमच्या हाताला कला हाय!" खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण पुरणपोळी सोडून माझ्या हाताचं कौतुक कुणी केलं नव्हतं. आता फक्त एकदा कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी तांब्यावर माझा रुमाल बघायचा होता. बास, एवढंच.

चार दिवस थांबले. पाचव्या दिवशी काही ना काही निमित्त काढून घरोघर फिरले आणि प्रत्येक घरात पाणी मागितलं. पहिल्या घरात फ्रीजमधली बाटली आली. दुसऱ्या घरात पण बाटलीच!

"बाटलीतलं नको, घसा धरतो. तांब्यातलं द्या."

तांब्या आला. उघडा! तिसऱ्या घरात तांब्यावर स्टीलची ताटली. चौथ्या घरात फुलपात्र पालथं घातलेलं. सहा घरांत सात पेले पाणी पिऊन मी घरी आले, तेव्हा पोटात उजनी धरण भरलं होतं आणि डोक्यात संशय. एकतीस रुमाल गेले कुठं? सगळ्यांनी मिळून विकले तर नसतील?

"विकायला घ्यायला बी कुणी लागतंय की!" आत्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शोभावहिनींचं हळदीकुंकू होतं. ओटी भरली, तिळगूळ मिळाला, चमकी कागदात गुंडाळलेलं वाण मिळालं. फाटकाबाहेर येऊन मी कागद उघडला. आत गोल रुमाल. तीस पांढरे मणी आणि एक पिवळा!

माझं डोकंच सणकलं. तशीच मागं फिरले. बायकांनी गच्च भरलेल्या खोलीत रुमाल झेंड्यासारखा वर धरला आणि विचारलं, "वहिनी, हा काय प्रकार आहे? माझं वाण मलाच?"

सगळ्या माना वळल्या. शोभावहिनींचा चेहरा पडला. "अगं बया! कागदं सारखीच हुती, अदलाबदल झाली जणू."

"म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी द्यायचाच होता!"

आता मात्र वहिनी उठल्या. आत गेल्या आणि स्टीलची एक वाटी आणून माझ्यासमोर पालथी ठेवली. "ही मागच्या साली तुमी मला वाण दिलेली वाटी. वाचा."

बुडावर टिंबाटिंबांनी नाव कोरलं होतं: सौ. शोभा यांजकडून सप्रेम भेट.

मला एकदम आठवलं. मागच्या वर्षी ऐन वेळी एक वाटी कमी पडली, तेव्हा मी कपाटातली एक काढून दिली होती. आता वाटी पालथी करून कोण वाचतं!

"मी वाचली हुती," वहिनी म्हणाल्या. "पर एका शब्दानं बोलले न्हाय."

त्यांचं ऐकून बाकीच्यांनाही धीर आला. "ताई, रागवू नगा. माझा मी मोरगावला भावजयीला धाडला." "माझा पळसदेवला जावंच्या हळदीकुंकवात गेला." "माझा वालचंदनगरला. तितनं त्यो बी म्होरं गेला म्हणत्यात!" आठवड्याभरात माझी कला दोन तालुके फिरून आली होती आणि कुठंच मुक्कामाला थांबली नव्हती. एवढी तर एसटीही पळत नाही.

"मग त्या दिवशी एवढं कौतुक कशाला केलं?" माझा आवाज रडवेला झाला.

"कौतुक खरंच हाय वो," वहिनी हळूच म्हणाल्या. "पर तुमी सोता तांब्यावर घालून बघितला का?"

मी माफी मागितली. त्यांनी माझ्या हातावर पुन्हा तिळगूळ ठेवला आणि सगळ्यांदेखत गोड बोलायला सांगितलं.

घरी आल्या आल्या माळ्यावरचा तांब्या काढला. (आमच्याकडं बाटल्याच असतात.) काठोकाठ पाणी भरलं आणि वर रुमाल ठेवला. क्षणभर फार शोभून दिसला. मग पिवळ्या मण्याच्या बाजूनं कलला आणि गुपचूप बुडाला गेला.

आत्यांनी पळीनं तो बाहेर काढला. "माप घेतलं न्हवतंस?"

"घेतलं होतं की!"

"कशाचं?"

"तांब्या माळ्यावर होता... म्हणून पेल्याचं घेतलं."

आत्यांनी पळी खाली ठेवली. तोंडाला पदर लावून गोठ्यात गेल्या, तिथून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता.

मी रुमाल पिळला, वाळवला, इस्त्री केली आणि त्याच चमकी कागदात नीट गुंडाळला. रथसप्तमीला अजून दोन दिवस होते आणि बारामतीच्या नणंदबाई हळदीकुंकवाला यायच्या होत्या. तुमच्याकडं पाणी प्यायला तांब्या असतो का, हे मात्र मी त्यांना आधी फोन करून विचारून घेतलं. त्या 'नाही' म्हणाल्या, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला!