हेल्मेट त्याचं, मान माझी

"ह्याला कशाला हेल्मेट बे? उसाच्या मोळ्या वाहून वाहून मान टणक झालीय ह्याची."

आमचा कॅप्टन सगळ्या गावापुढं बोलला. मी पॅड बांधून सीमारेषेवर उभा. आउट होऊन आलेला पोरगा डोक्यावरचं हेल्मेट काढून मला देत होता. कॅप्टननं ते मधल्यामधी ओढलं आणि आपल्या मांडीवर ठेवलं.

माईकवाल्याला तेवढंच पाहिजे होतं. मोळीवाले मैदानात येतायत, डोक्यावर चुंबळ द्या रे कुणीतरी, म्हणला. मंडप हसला. आमच्या वस्तीतलीबी दोघं-चौघं हसली. हसावंच लागतं, मुकादम पुढच्या खुर्चीत बसला होता.

कॅप्टन म्हंजे त्या मुकादमाचा पोरगा. गावानं त्याला भैया म्हणायचं, म्हाताऱ्यांनीसुद्धा. दसऱ्यानंतर आमी त्याच्या बापाच्या टोळीत ऊस तोडायला जातो, कारखाना बंद झाला की परत येतो. मग उन्हाळ्यात गावात लेदर बॉलची स्पर्धा. मी फास्ट टाकतो. लई फास्ट. म्हणून भैयाला मी टीममधी लागतो. बॅटिंगला शेवटचा.

टीममधी हेल्मेट दोनच. एक जण आउट झाला की त्यानं पुढच्याला काढून द्यायचं, हीच रीत. कुणाच्या केसाचं तेल, कुणाचा कोंडा, कुणाचा घाम, सगळं चालायचं. आमच्या वस्तीच्या घामालाच वास का म्हणून येतो, हे भैयाला विचारायची कुणाची छाती न्हाई. ठाऊक सगळ्यांना होतं. मलाबी.

आणि नियम? रोज सकाळी माईकवर वाचायचे. हेल्मेट पाहिजे, त्याला मागं मान झाकणारं नेक गार्ड पाहिजे, त्याबिगर कुणी बॅटिंगला उतरायचं न्हाई. वाचायला काय जातंय यांच्या बापाचं? अंपायरनं माझ्या उघड्या डोक्याकडं बघितलं, मंडपाकडं बघितलं आणि बॉलरला हात केला.

मी गेलो. बोलावलं की जायचं, हे आमच्या अंगात लहानपणीच मुरवतात.

बॉल आखूड पडला. उसळला. मी तोंड फिरवलं आणि तो कानामागं, केसं संपतात तिथं बसला. डोळ्यापुढं अंधारी. तोंडात माती. डावा हात हलंना. मंडपातून भैयाचा आवाज आला, "उठ बे, नाटकं नको करू." पाणी घेऊन धावत आला तो बॉलर, समोरच्या टीमचा. आमच्यातलं कुणी जागचं हललं न्हाई.

डॉक्टरनं मानेला पट्टा बांधला. बोटभर अलीकडं लागला असता तर उठला नसतास, म्हणला. घरी आई मानेवरून हात फिरवीत रडत होती. बापानं एकच विचारलं, भैयाला उलटून तर बोलला न्हाईस ना? पोराची मान मोडता मोडता वाचली आणि बापाला काळजी मुकादमाची! बापाचा राग आला न्हाई मला. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बसलेल्या त्या भीतीची किळस आली. रात्रभर पट्ट्यामुळं कूस बदलता येत नव्हती.

पट्टा निघाला तवा सेमीफायनल आली. बॉलिंगला पाहिजे म्हणून निरोप आला. गेलो, विकेटी काढल्या. भैयानं माझी पाठ थोपटली, तीबी बॅटनं. हात लावायला नको म्हणून.

मग आमची बॅटिंग. जिंकायला थोडेच रन राहिलेले, शेवटची विकेट मी. भैया समोरच्या टोकाला नॉट आउट, डोक्यावर हेल्मेट, मागं गार्ड. आउट झालेला पोरगा दुसरं हेल्मेट काखेत मारून, खाली बघत माझ्याजवळून निघून गेला.

मी क्रीजवर गेलो आणि बॅट जमिनीवर आडवी ठेवली. अंपायरला म्हणलो, "हेल्मेट आल्याबिगर मी खेळणार न्हाई. नियम तुमचाच हाय."

ह्या मॅचला अंपायर गेवराईचे रफिकभाई होते, गाड्या दुरुस्त करणारे. त्यांना मुकादमाचं काही देणंघेणं न्हाई. "पोरगा बरोबर बोलतोय," ते म्हणले, "हेल्मेट द्या, न्हाईतर मी आउट देतो."

भैया जवळ आला. आवाज एकदम मऊ. "एवढी मॅच काढ. तुला नवीन घेऊन देतो. वेगळं."

वेगळं! हा शब्द आमाला पाठ हाय. कप वेगळा, माठ वेगळा, आता हेल्मेट वेगळं. मी म्हणलो, "टीमचं दे."

त्यानं नुसती मान हलवली असती तरी हेल्मेट आलं असतं. फायनल समोर दिसत होती. न्हाई हलवली. रफिकभाईंनी घड्याळ बघितलं, वाट बघितली आणि बोट वर केलं.

हरला बेटा. अख्ख्या गावापुढं हरला, पण आमच्या डोक्याला हेल्मेट लागू दिलं न्हाई. थू असल्या मोठेपणावर.

संध्याकाळी मुकादमाचा निरोप आला. भैयाची माफी मागा, न्हाईतर दसऱ्याला टोळीत जागा न्हाई. बाप चपला घालून निघाला होता. मी दारात आडवा झालो. मुकादम छप्पन सापडतील, मी सांगितलं, माफी त्यानं माझी मागायची हाय. बाप चपला काढून खाली बसला.

पुढच्या उन्हाळ्यात मी गेवराईच्या टीमकडून टाकणार. भैया ओपनिंगला येईल. येऊ दे. नेक गार्ड नीट लावल्याबिगर मी रनअप घेणार न्हाई, अंपायरला सांगून लावायला लावीन. त्याच्या मानेवर मी बॉल मारणार न्हाई. तसली कामं त्याच्या घरात करतात.

मला त्याची मधली दांडी पाहिजे. मुळासकट.