धन्यवादाचा चौकोन

माझी मान माझं ऐकत नाही. जन्मापासूनचंच आहे हे. मेंदूतून निघालेला निरोप हातापायांपर्यंत पोचतो खरा, पण वाटेत चार ठिकाणी गप्पा मारत, आणि जिभेपर्यंत तर पोचतच नाही. नकार द्यायला जावं तर मान होकार देऊन मोकळी होते. आमच्या घरात सगळ्यांनी याचा यथेच्छ फायदा घेतला. आई विचारायची, "दूध पिशी ना?" मान हलली की पेला तोंडाशी. मला दूध अजिबात आवडत नाही, हे घराला कळायला मला सातवीत जावं लागलं.

आता मी धुळ्याला कॉलेजात आहे. एका बोटाने मोबाइलवर टाइप करते आणि मोबाइल ते मोठ्यांदा वाचतो. प्राध्यापक वैतागतील इतकं बोलते. पण सुरुवात झाली ती सातवीत, आमच्या गावच्या शाळेत आलेल्या एका पांढऱ्या पाटीपासून. डब्याच्या झाकणाएवढी पाटी, तिच्यावर आठ चौकोन आणि प्रत्येक चौकोनावर एक चित्र. चौकोन दाबला की आत भरून ठेवलेलं वाक्य ऐकू यायचं. बोट नीट टेकवायची गरज नव्हती, मनगट पडलं तरी चालायचं. ती पाटी पट्ट्याने माझ्या गळ्यात अडकवलेली असे.

पाटी आणली होती मॅडमनी. त्या स्कूटीवरून गावोगावच्या शाळांत जाऊन माझ्यासारख्या मुलांना शिकवायच्या. वाक्यं त्यांनी स्वतःच्या आवाजात भरून आणली होती. "मला पाणी हवे आहे." "मला शौचास जायचे आहे." "मला दुखत आहे." मग "नमस्कार", "होय", "मला समजले", "मी आनंदी आहे" आणि जोडलेल्या हातांच्या चित्राखाली "धन्यवाद". मी ते सगळं ऐकलं आणि मनात म्हटलं, वा! तहान लागावी, शौचाला जावं आणि सगळ्यांचे आभार मानावेत, एवढाच काय तो माझा संसार.

शिवाय आमच्या गावात माणसं बैलाशीसुद्धा अहिराणीत बोलतात. तिथे माझ्या छातीवरून रेडिओवरच्या बाईंसारखं "मला शौचास जायचे आहे" असं खणखणीत ऐकू आल्यावर वर्ग बाकांवर लोळायचाच राहिला. मीही हसले. माझ्या हसण्याला यंत्र लागत नाही आणि ते बरंच मोठं असतं.

तरी त्या पाटीवर माझा जीव जडला. गणिताचे सर "समजलं का?" म्हणाले की अख्खा वर्ग माना खाली घालायचा आणि मी ऐटीत मनगट टाकायची, "मला समजले." काही समजलेलं नसायचं. पण सर खूश, मी खूश.

घोळ झाला तो पाहुणे आले त्या दिवशी. यंत्र कसं चाललंय ते बघायला तालुक्याहून साहेब आले होते. मला पहिल्या बाकावर बसवलं, वेणीला नवी रिबीन बांधली. साहेबांनी विचारलं, "यंत्र आवडलं का?" मी "होय" दाबलं. टाळ्या पडल्या. मग ते प्रेमाने वाकले आणि म्हणाले, "आता आठवीला गावात वर्ग नाही. दोंडाईच्याला जायचं म्हणजे तुझे हाल. त्यापेक्षा घरीच शिकायची सोय केली तर बरं, नाही का?"

मी पाटीकडे बघितलं. वरची ओळ, खालची ओळ. पाणी होतं, शौच होतं, आनंद होता. "नाही" कुठेच नव्हतं. एवढी मोठी माणसं, एवढं महागाचं यंत्र, आणि या पोरीला कधी नाही म्हणावंसं वाटेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! मी मान हलवायला गेले, तर ती नेहमीप्रमाणे फितूर झाली. हात उचलला, तर तो भरकटला आणि धाडकन जोडलेल्या हातांवर पडला.

"धन्यवाद," मॅडमचा आवाज म्हणाला.

केवढ्या टाळ्या पडल्या! साहेबांचे डोळे पाणावले. माझेही पाणावले, ते संतापाने.

घरी शिकायची सोय म्हणजे काय, ते मला पक्कं ठाऊक होतं. आठवड्यातून एकदा मॅडम येणार, बाकीचे दिवस मी ओट्यावर. ओट्यावरून रस्ता दिसतो आणि शेळ्या दिसतात. मला बाक हवा होता, मधली सुट्टी हवी होती, शेजारणीच्या वहीत डोकावून तिच्याच चुका माझ्या डोक्यात भरून घ्यायच्या होत्या. मला आठवीत जायचं होतं.

ही शेजारीण म्हणजे माझी मैत्रीण. वर्गात बाकावर माझ्या शेजारी बसायची आणि गल्लीतही शेजारीच राहायची. माझ्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळायचं. त्या संध्याकाळी ती पाटी उलटीपालटी करत म्हणाली, "तुले नही म्हनता येत नही तं मी म्हनस. सांग, यामायीन कोनतं पुसू?" मी क्षणाचाही विचार केला नाही. मनगट जोडलेल्या हातांवर टाकलं.

जुनं पुसून नवं भरायचं म्हणजे मागचं लाल बटण आणि पुढचा चौकोन एकदम दाबून धरायचे आणि बोलायचं. सोडलं की भरलं. तिने घसा खाकरून धडा वाचल्यासारखं "नाही" म्हटलं. मी तोंड फिरवलं. तिने पुन्हा म्हटलं, जरा लाडात. मी डोळे मिटून घेतले. असल्या नाहीला कोण भीक घालणार! अंगणात खाटेवर तिच्या आईचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत होते आणि आम्ही त्यांची राखण करायला बसलो होतो. मैत्रिणीने तिसऱ्यांदा बटणं दाबली, श्वास घेतला, आणि तेवढ्यात एका शेळीने खाटेवर पाय ठेवून बिबड्यात तोंड घातलं.

"नहीऽऽ!" मैत्रीण किंचाळली. शेळी म्हणाली, "मेंऽऽ." मग बटणं सोडून मैत्रीण धावली.

एक बिबडा गेला, पण मला हवा होता तो नकार सापडला. शेळीचं उत्तर काढून टाकायला मैत्रीण पुन्हा भरू म्हणाली. मी पाटीवर आडवी पडले आणि तिला हात लावू दिला नाही.

परीक्षा संपल्यावर मोठ्या सरांनी नानांना शाळेत बोलावलं. नाना म्हणजे माझे वडील. दोंडाईच्याच्या बाजारात ते मिरची तोलायचे आणि घरी आले की आम्ही सगळे शिंकायचो. नाना वाईट नव्हते, घाबरलेले होते. नव्या शाळेत पोरीला कोण उचलेल, कोण हसेल, ती पडली तर काय, या काळजीने त्यांची झोप उडाली होती. सरांनी घरी शिकायच्या संमतीचा कागद पुढे केला. मॅडमही तिथे होत्या. नाना पेन हातात घेऊन म्हणाले, "तिनीच धन्यवाद म्हनं ना सर. तिले चालस."

मी हात उचलला. नेम धरला, मनगट सोडलं. चित्र जोडलेल्या हातांचं, आणि आवाज:

"नहीऽऽ! मेंऽऽ."

मोठे सर खुर्चीतून अर्धे उठले आणि त्यांनी दाराकडे बघितलं. शेळी आत शिरली असंच त्यांना वाटलं असणार. मॅडम तोंडावर पदर धरून इतक्या हसल्या की त्यांना बाकावर बसावं लागलं. मग त्यांचं हसू ओसरलं आणि त्या हळूच म्हणाल्या, "अगंबाई, नाही भरायचं राहूनच गेलं की माझं."

नाना हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. "हाई काय शे? आखो एकदाव दाब बरं."

मी दाबलं. शेळीसकट.

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "सर, ती नही म्हनी ऱ्हायनी," ते म्हणाले. जणू सरांना ऐकूच आलं नव्हतं. "मी रोज दोंडाईचालेच जास. बसी मनामांगे."

घरी जाताना मी मोटरसायकलवर त्यांच्या मागे, नेहमीसारखी उपरण्याने त्यांच्या पाठीला बांधलेली, आणि पट्टा लांब करून पाटी माझ्या मांडीवर. नानांनी गाडी गावाच्या रस्त्याला लावली. मग मान न वळवता म्हणाले, "चहा पिशी का?"

"नहीऽऽ! मेंऽऽ."

"दूध?"

"नहीऽऽ!"

"आं? दूध बी नही?" नाना मोठ्यांदा हसले. मग त्यांना चटकच लागली. शेतात जाशी का, झोपशी का, मामाकडे धाडू का, मिरची खाशी का. माझं मनगट दुखायला लागलं, पण ते विचारत राहिले आणि मी नाही म्हणत राहिले. रस्ता खड्ड्यांचा, दोनदा मनगट घसरून "होय" लागलं, तेव्हा त्यांनी मामाकडचा आणि मिरचीचा प्रश्न पुन्हा विचारला.

गाव दिसायला लागलं तसं त्यांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं, दोन्ही पाय टेकवले. माझा हात स्थिर व्हावा म्हणून ते थांबले होते. पुढेच बघत त्यांनी विचारलं, "मना राग उना का तुले?"

मी आयुष्यात इतका जपून नेम कधी धरला नव्हता. मनगट सावकाश खाली आणलं आणि जोडलेल्या हातांवर ठेवलं.