माशी म्हणजे बैल नव्हे

नेवाशाच्या अलीकडच्या एका खेड्यात शलमोन ख्रिस्ती देवळाचा राखणदार होता. झाडलोट करायची, कंदील पुसायचे, रविवारी घंटा वाजवायची, काम एवढंच. पण स्वर्गाचं दार आपल्याच भरवशावर उघडतं अशा थाटात तो ते करायचा. लोक हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातं! त्याच्या आज्याला गावातल्या देवळाची पायरी चढायची मुभा नव्हती आणि नातवाच्या कमरेला देवळाच्या किल्ल्या होत्या. असा माणूस किल्ल्यांना जपणारच. शब्बाथ दिवशी, म्हणजे रविवारी, देवाने नेमलेल्या विसाव्याच्या दिवशी तो काडी मोडत नसे, म्हणजे खरोखरच मोडत नसे. चुलीचं सरपण शनिवारीच फोडून ठेवलेलं असायचं.

घरात दोघंच, मूलबाळ नव्हतं. बायको कृपाबाई तोंडाची फटकळ, मनाची मऊ. क्षयाने तिला खाटेला खिळवलं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. महायुद्धाच्या धामधुमीत मिशनच्या मडमबाई मायदेशी निघाल्या, तेव्हा मधमाश्यांची एक लाकडी पेटी त्यांनी या दोघांना दिली. मधाने कृपाला ताकद येईल, असं त्यांना वाटलं. ताकद कसली येते! पण पेटी पडवीलगत ठेवल्यापासून कृपाबाईला दोन घास जास्त जाऊ लागले. दिवसभर ती गुणगुण ऐकत पडून राहायची. "माझ्या पोरी कामाला गेल्या बगा," म्हणून हसायची. त्या आवाजाच्या आधाराने ती दिवस काढतेय, हे शलमोनला दिसत होतं. पेटी टिकू दे, एवढंच तो प्रार्थनेत मागायचा.

माश्यांमधलं मात्र दोघांनाही ओ की ठो कळत नव्हतं. मोहोळ दिसलं की धूर करायचा आणि पोळं पिळायचं, गावाची विद्या एवढीच. मडमबाईंनी शिकवलेलं शलमोनने दहा आज्ञांसारखं पाठ केलं होतं. उन्हाळ्याच्या तोंडाला पेटी माश्यांनी भरली की पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगांसारखी घरं लोंबतात. त्यांत नव्या राण्या वाढतात. त्या शेंगा खुडायच्या, नाहीतर जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन उडून जाते.

चैत्रातल्या एका शनिवारी दिवस कलताना कृपाबाईने हाक मारली.

"अवो, आवाज बदललाय. पेटीच्या दाराशी बगा कशा लोंबत्यात, दाढीवानी. आजच पेटी उघडा."

त्याने झाकण उचलून पाहिलं. शेंगा होत्या, चांगल्या टपोऱ्या. पण दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा सण. शिंदीच्या झावळ्या बांधायच्या होत्या, देऊळ सारवायचं होतं, देवळाचे पाद्री, पाळकसाहेब, वाट बघत होते.

"सोमवारी खुडतो."

"मंग उद्या सकाळच्याला तरी. उद्या न्हाई ऱ्हायच्या त्या."

"उद्या शब्बाथ हाय, कृपा."

"बैल हिरीत पडला तर शब्बाथ दिशीबी काढावाच लागतो. खुद्द परभूच म्हनलाय!"

"माशी म्हंजे बैल न्हवं," शलमोन म्हणाला आणि देवळाकडे चालू लागला. त्याला वाटलं, मोठं बिनतोड उत्तर दिलं आपण.

रविवारी ऊन तापलं. पोरं झावळ्या हलवत, होसान्ना म्हणत देवळात शिरत होती. शलमोन दारात उभा होता. तेवढ्यात डोक्यावरून घोंघावत काळा ढग गेला. मागून शेजारची लंकाबाई थाळी बडवत धावत आली. थाळीच्या आवाजाने मोहोळ खाली बसतं असं आपल्याकडे मानतात.

"शलमोनदादा, तुमच्या माश्या चालल्या! कृपा एकलीच उठून त्यांच्या मागं गेलीय, या की!"

आत पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली होती. शलमोनने क्षणभर ढगाकडे पाहिलं, लंकाबाईकडे पाहिलं, आणि मान खाली घालून तो आत जाऊन बसला. माणूस वाईट नव्हता, पण त्या घटकेला त्याने वाईट केलं, हे म्हणायलाच हवं.

उपासना आटोपून तो घरी पोचला, तेव्हा लंकाबाईने कृपाबाईला ओढ्याकाठच्या बाभळीखालून उचलून आणलं होतं. माश्यांवर पाणी शिंपडून त्यांना खाली बसवायला कृपा तांब्या घेऊन गेली होती. खोकल्यातून तिच्या पदरावर रक्त पडलं होतं. पेटीत निम्म्या माश्या उरल्या होत्या. कृपा म्हणाली, "ह्येवढ्या तरी जपा."

तिथे त्याने वरातीमागून घोडं आणलं. सोमवारी उजाडताच पेटी उघडून एकूण एक शेंग खुडली. चार दिवसांनी माश्यांनी पुन्हा शेंगा बांधल्या, त्याने पुन्हा खुडल्या. इतक्या निष्ठेने त्याने दुसरी कुठलीच आज्ञा पाळली नसेल. जुनी राणी कधीच उडून गेली होती, आणि मागे राहिलेल्यांची नवी राणी त्या शेंगांतच होती. शेंगा राणी घरात आहे तोवर खुडायच्या, असं मडमबाई म्हणाल्या होत्या. याने त्यातलं अर्धंच पाठ केलं होतं.

महिनाभरात माश्या मूठभर उरल्या. त्याने सगळी पोळी उलटीपालटी करून पाहिली. एक अळी नाही, अंडं नाही, राणी नाही. तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: नवी राणी आपणच खुडून टाकली होती. आपण काय केलं हे कृपाला सांगायची त्याची छाती होईना. तो लवकर बाहेर पडायचा, उशिरा यायचा. तिने विचारायच्या आत म्हणायचा, "झ्याक हाय पेटी." ती म्हणायची, "व्हय, ऐकतीया की मी."

मग पेटी अगदीच गप्प झाली. त्या दुपारी तो तिच्या उशाशी येऊन बसला.

"कृपा, पेटी मेली. म्याच मारली. ज्या शेंगा खुडल्या, त्यातच त्यांची राणी हुती."

"ठावं हाय," ती म्हणाली. "कवाच आवाज गेला. तुमास्नी वाईट वाटंल म्हनून ऐकतीया म्हनत हुते."

त्याने तिचे पाय धरले. "माश्यांपायी मला माफ कर."

कृपाबाईला बराच वेळ खोकला लागला. तो थांबल्यावर तिने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता; राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"माश्यांचं काय घिऊन बसलाय? त्या आज न्हाई उद्या जायच्याच हुत्या. त्या ऐतवारी मी बाभळीखाली पडून तुमाला हाका मारत हुते. तुमी यायला पायजे हुतं."