एक्क्याण्णव डिग्री

हसणार नाही असं कबूल करा, मगच सांगतो. बरं, हसा! पण आमच्या सुनेपुढं हा विषय काढू नका.

वडगावात तीस वर्षं माग चालवले मी. नुसत्या आवाजावरनं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचो. त्यामुळं यंत्रातलं मला जरा ज्यादाच कळतं, असा आपला माझा समज.

सून रेखा शाळेत शिकवते. नात दीड वर्षाची. तिला सोडून निघताना रोज रेखाचे डोळे भरायचे. अशात घरी बसून करायच्या नोकरीची मुलाखत आली. घरच्या कंप्युटरवरच, दुपारी चारला.

सकाळी निघताना म्हणाली, "मामा, आपल्या कंप्युटरात रॅम किती, प्रोसेसर कुठला, हे कंपनीनं विचारलंय. ते सांगणारं फुकटचं टूल असतंय. तेवढं डाउनलोड करून ठेवा, बाकीचं मी दोनला येऊन बघते."

"तू निवांत जा गं!"

शोधलं तर काय, पान उघडताच सगळी माहिती समोर! डाउनलोडसुद्धा करावं लागलं न्हाय. प्रोसेसर एकदम भारी, रॅम बत्तीस जीबी. ह्या जुन्या डबड्यात एवढं? छाती फुगली माझी. मग खाली लाल अक्षरांत दिसलं, तापमान एक्क्याण्णव डिग्री.

अहो, चहाला उकळी फुटायला आणि किती लागतं?

"अगं ए, कंप्युटर पेटतोय!" मी बायकोला हाक मारली.

"मग बंद करा की!"

"आणि परत चालूच न्हाय झाला तर? चारला मुलाखत हाय पोरीची!"

टेबल फॅन आणून लावला. अर्धा तास झाला, आकडा एक्क्याण्णव. शेजारचे अण्णा आपला फॅन घेऊन धावत आले. डब्यावर हात ठेवून म्हणाले, "गार लागतंय की रं."

"वरनं गार असतंय, अण्णा! आतनं पेटलंय!"

बायकोनं फ्रीजमधला सगळा बर्फ परातीत ओतून फॅनपुढं ठेवला. एक्क्याण्णव. देवापुढं दिवा लावून आली. तरी एक्क्याण्णव! एवढा हट्टी आकडा मी जन्मात बघितला न्हवता. वारा सगळा कंप्युटरला, आणि आम्ही तिघं घामानं निथळतोय.

दोनला रेखा आली. मधोमध बर्फ, भोवती तोंडं पाडून बसलेली तीन म्हातारी माणसं. दारातच थबकली बिचारी.

"कोण गेलं, मामा?"

सगळं सांगितलं. तिनं माऊस फिरवला, आणि माझं तापमान, रॅम, प्रोसेसर सगळं सरकत वर निघून गेलं! खाली बटण होतं, 'डाउनलोड करा' म्हणून.

"मामा, ह्यो नमुन्याचा फोटो हाय. दुसऱ्याच कुणाच्या कंप्युटरचा."

म्हणजे सकाळपासनं आम्ही फोटोला वारा घालत होतो! अण्णांनी गुपचूप आपला फॅन उचलला आणि घर गाठलं.

तिनं खरं टूल चालवलं. रॅम चार, तापमान अडतीस. मला मान वर करवेना.

"चुकलं गं पोरी. माझ्या शहाणपणापायी तुझी मुलाखत हुकली असती."

ती हसली न्हाय. ओढणीनं माझ्या कपाळावरचा घाम टिपला. "माझ्यासाठीच केलासा न्हवं?" लई बरं वाटलं हो. रडूच आलं मला.

नोकरी लागली! परवा ती कंपनीचा फॉर्म भरत होती, मी मागनं डोकावलो. एक रकाना होता, 'कंप्युटर बिघडल्यास घरी मदत कोण करेल?' आणि पोरीनं तिथं चक्क माझं नाव लिहिलेलं.

"अगं, खोड गं ते! कालच लागलीया नोकरी, आजच घालवतीस व्हय?"