गणिताच्या तासाला कुणी भेटणार नाही

आमचे हेडमास्तर ऑपरेशनसाठी मुंबईला गेले तेव्हा मी अजून तिशी गाठली नव्हती. समुद्रकाठच्या त्या हायस्कुलात शिक्षणशास्त्राची बी.टी. झालेली मी एकटीच, म्हणून संस्थेने मला हंगामी हेडमास्तर केलं. बाईमाणसाला त्या खुर्चीत बसवायचा कुणाचा बेत नव्हता. दुसरं कुणी मिळालं नाही, एवढंच.

पहिल्या आठवड्यात कळून चुकलं की ती खुर्ची साऱ्या गावाची होती. कुणाला मुंबईला मुलाकडे पत्र लिहून हवं, कुणाला शाळा सोडल्याचा दाखला. वर्गाच्या छपरावरचे झावळ्यांचे झाप उडाले, मैदानात गुरं शिरली, खडू संपले, सगळं माझ्याच दारात. आणि या साऱ्यात अकरावीचं गणित माझ्याकडे होतं. मी फळ्यावर समीकरण मांडावं आणि शिपायाने दारात येऊन म्हणावं, "बाई, भायर माणसा इलीत." परत येईस्तोवर तास संपलेला असायचा. वर्ग मॅट्रिकचा. एका संध्याकाळी एका मुलाने अगदी साधेपणाने विचारलं, "बाई, आमचं गणित होतलां मा?" मी हो म्हटलं, पण घरी जाताना वाटेत मला ते 'हो' खोटं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दाराला मी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली: सकाळचे पहिले दोन तास हेडमास्तर वर्गावर असतात. त्या वेळेत कुणालाही भेटणार नाहीत.

शिपाई माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी पाटी वाचली आणि डोकं खाजवलं. "कोणाकच नाय? अध्यक्ष इले तर?"

"त्यांनाही नाही. बाकावर बसवा, पाणी द्या."

अध्यक्ष म्हणजे आमच्या संस्थेचे. माडाच्या बागा, कौलांचा व्यापार, शाळेची जागाही त्यांनीच दिलेली. ते यायचे राहतात थोडेच! त्याच आठवड्यात आले. मी वर्गात होते. खिडकीतून त्यांचा पांढरा कोट आणि काळी टोपी दिसली. पण मी गणित सोडलं नाही.

बाहेर बाकावर आधीपासून एक गाबीत बाई बसली होती, रिकामी टोपली पायाशी ठेवून. मासे विकून ती तशीच आली होती. अध्यक्षांनी दरवाज्याकडे दोन पावलं टाकली तशी ती म्हणाली, "बसा हंयसर, सायबानू. बाई शिकयतत. घंटा झाली काय भायर येतली."

"मी कोण ते ठाऊक आसा तुका?"

"आसा तर. पण आत माजा चेडू शिकता. तेचा शिकप मोडू नकात."

हे सगळं वर्गात ऐकू येत होतं. त्या बाईची मुलगी पुढच्याच बाकावर होती, तिने मान खाली घातली. मी उदाहरण पुरं केलं, घरचा अभ्यास दिला, घंटा झाल्यावरच बाहेर आले. अध्यक्ष उठून उभे राहिले.

"एक मिनिट, भाऊसाहेब," मी म्हटलं. "ह्या आधी आल्यात."

ते पुन्हा बाकावर बसले. त्यांचे कान मात्र लाल झाले.

त्या बाईचं म्हणणं थोडक्यात होतं. पहाटे होड्या उशिरा लागल्या की मुलीला तिच्याबरोबर मासे घेऊन बाजारात जावं लागतं. मग शाळेला उशीर होतो, आणि उशीर झाला की शाळेच्या जुन्या नियमाप्रमाणे तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभं राहावं लागतं. "तेका भायर उभां करू नकात, बाई. गणित थंयच चुकता तेचा."

माझ्या मनात लख्ख झालं. मोठ्या दिमाखाने पाटी लावली होती, पण गणित ठेवलं होतं नेमकं त्या वेळेला, जेव्हा अर्ध्या गाबीतवाड्यातली मुलं अजून धापा टाकत चढण चढत असायची. "उद्यापासून गणित पहिल्या तासाला नाही," मी म्हटलं. "दुसऱ्या-तिसऱ्याला. पण मग तिने एक दिवसही चुकवायचं नाही."

"चुकयत नाय," ती म्हणाली आणि टोपली उचलून गेली. दारावरच्या पाटीवरची वेळही मी त्याच दिवशी बदलली.

अध्यक्षांनी माझ्याशी त्या दिवशी बोलायचं टाळलं. रविवारी देवळाच्या सभामंडपात समितीची बैठक बोलावली. मी एकटी बाई, समोर सगळे टोपीवाले.

"हेडमास्तराने सगळ्यांसाठी मोकळं असावं," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही आम्हाला ताटकळत ठेवता. गावाला काय दिसतं?"

रात्रभर घोकलेलं सगळं मी विसरले. जे तोंडात आलं ते बोलले. "गावाची मुलं मॅट्रिकला बसणार आहेत. बाकी कुठलंही काम मी दुपारच्या सुट्टीत करीन, शाळा सुटल्यावर दिवेलागणीपर्यंत करीन. हे दोन तास मात्र मी देणार नाही. ते हवेच असतील तर खुर्ची परत घ्या, मी आनंदाने नुसती शिकवीन."

अखेर अध्यक्षांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "दुपारच्या सुट्टीत चहा तरी मिळेल ना?"

"मिळेल. कोरा."

त्यानंतर ते दुपारी येऊ लागले. माझ्यावरचा राग त्यांनी शेवटपर्यंत थोडा जपून ठेवला, पण तासाच्या वेळी पुन्हा कधी आले नाहीत. गाव हळूहळू शिकलं. ती मुलगी ओल्या केसांनी, हाताला माशाचा वास घेऊन यायची, आणि पुढच्या बाकावर बसायची. मॅट्रिकला गणितात ती पास झाली. वर्गातले काही जण नापासही झाले. त्यांची तोंडं मला अजून आठवतात.

परीक्षेच्या आधीच, दिवाळीनंतर, हेडमास्तर परतले होते, अंगातला कोट सैल झालेला. दारावरची पाटी त्यांनी उभ्याउभ्या वाचली. मला वाटलं, काढायला सांगतील.

"मीसुद्धा गणिताचाच मास्तर," ते म्हणाले. "खडू हातात धरून किती वर्षं झाली कोण जाणे. अकरावी मला देतेस?"

"वर्ष संपेपर्यंत नाही, सर," मी म्हटलं. "तुम्ही आठवी घ्या."

त्यांनी टेबलावरचा खडू उचलला आणि आठवीचा वर्ग कुठे बसतो ते शिपायाला विचारलं.