मॉर्निंग शोचं डिक्टेशन

सिनेमाच्या अंधारात मोबाईल उघडणाऱ्या माणसाला मी माणसात धरत नसे. राग तसाही माझ्या नाकावरच असतो. "हां बोल, पिक्चर में बैठा हूँ," असं सांगून पुढे भाचीच्या लग्नातल्या जेवणाची सगळी बोलणी उरकणारे महाभाग मी याच रायपुरात पाहिले आहेत. मी वळून म्हणायची, "भैया, रसगुल्ले बाहर जाके गिन लो." मग हे माझा दंड दाबायचे आणि पुटपुटायचे, "जाऊ दे ना बाप्पा." पण मी जाऊ देत नसे. तिकीट काढून आलेय, फुकट नाही.

आणि गेल्या वर्षापासून मीच मोबाईल उघडून बसू लागले. एखादा मेसेज पाहण्यापुरता नाही, तर पिक्चर सुरू झाल्यापासून शेवटची नावं येईपर्यंत. लोकांना वाटत असेल, बाई रील बघतेय. खरं कारण माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेलं असायचं.

माझ्या नवऱ्याची सगळी नोकरी भनपुरीकडच्या एका लोखंडाच्या कारखान्यात गेली. कान तिथेच खर्ची पडले. निवृत्तीनंतर ऐकू येणं कमी कमी होत गेलं आणि आता दोन्ही कानांत जवळजवळ काही उरलेलं नाही. हैदराबादला असणाऱ्या आमच्या मुलानं कानातली चांगली मशीन पाठवली. ती घरात थोडीफार चालते. सिनेमाच्या हॉलमध्ये मात्र एवढ्या आवाजापुढे ती शिट्ट्या मारते, मग हे ती काढून शर्टाच्या खिशात टाकतात.

ऐकू येत नाही हे दुःख वेगळं आणि ते लोकांना कळू नये ही धडपड वेगळी. यांचं खरं दुखणं हे दुसरं. कोणी काही बोललं की मान हलवायची, हसायचं आणि "बढ़िया, बढ़िया" म्हणायचं. एकदा सदर बाजारात ओळखीचे एक गृहस्थ भेटले. त्यांनी मोठा भाऊ गेल्याचं सांगितलं आणि हे हसून म्हणाले, "बहुत बढ़िया." त्या माणसाचा चेहरा पाहून यांना कळलं की काहीतरी भलतंच झालं. काय झालं ते मी घरी आल्यावर कागदावर लिहून दाखवलं. त्या दिवशी हे जेवले नाहीत. त्यानंतर सदर बाजार सुटला, लग्नं सुटली, आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातला गणपतीही सुटला. मुलाचा व्हिडिओ कॉल आला की हात वर करून चेहरा दाखवायचा आणि आतल्या खोलीत निघून जायचं.

राहता राहिला सिनेमा. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं पिक्चरचे शौकीन. देवळात एक वेळ आम्ही गेलो नसू, पण टॉकीजमध्ये जायचं चुकवलं नाही. तर एका सकाळी मी साडी बदलून तयार, आणि हे चप्पल न घालता दारातच उभे.

"तूच जा," म्हणाले. "मी तं नुसते तोंडं हलतानी पाहतो. काय कामाचं ते?"

एवढा एक धागा तुटला की हा माणूस घराच्या चार भिंतींत बसेल आणि परत बाहेर निघणार नाही, हे मला लख्ख दिसलं. मी त्यांचा हात धरून त्यांना ओढतच नेलं. तिथे पोचेपर्यंत माझ्याकडे काहीही युक्ती नव्हती.

आधी कानाशी तोंड नेऊन सांगून पाहिलं. यांना ऐकू जाईल एवढं बोलायचं म्हणजे मागच्या चार रांगांनाही ऐकू जाणार. बोललेलं आपोआप लिहून देणारं एक ॲप असतं, तेही केलं. संगीत सुरू झालं की ते भलतंच लिहायचं. शेवटी मीच टाईप करायला बसले. मी सरकारी ऑफिसात स्टेनो होते. साहेब बोलतो, आपण लिहितो, जन्मभर हेच केलं. साहेबाला एक शब्द पुन्हा विचारला नाही आणि स्वतःचा एक शब्द कधी घातला नाही. म्हटलं, आता हिरो साहेब.

नियम मीच केले. सोमवार-मंगळवारचा मॉर्निंग शो, म्हणजे हॉल रिकामा. सगळ्यात मागची रांग, भिंतीकडच्या खुर्च्या. स्क्रीन काळा, उजेड अगदी कमी. मोबाईल यांच्या मांडीवर आणि त्यावर माझ्या शालीचा तंबू. हे वाकून तंबूत वाचायचे, मग मान वर करून पडदा बघायचे.

माझा जीव मात्र सगळा वेळ टांगणीला. एक कान पडद्याकडे, एक डोळा अक्षरांवर, दुसरा पुढच्या रांगेवर. कोणी मान वळवली की मी शाल ओढायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं आहे, आणि माझं चांदणं तर खरोखर मांडीवर पडलेलं. पाय एका जागी ठरायचे नाहीत. पिक्चर कसा होता म्हणून कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. हिरॉईनच्या साडीचा रंगसुद्धा मी पाहिला नाही.

पडद्यावर सगळे हिंदीत बोलत, आणि आमच्या घरातली बोली वऱ्हाडी. हिंदीचं भाषांतर करत बसायला वेळ कुठला? बोटांना जे सवयीचं तेच निघायचं. इन्स्पेक्टर आवाज चढवून काही म्हणायचा आणि मी लिहायची, "काहून बे, कुठं पळून राहिला?" यांना ते आवडायचं. मग दमले की मी वाक्यं आखूड करायला लागले, आणि काही सुटलं की पदरचं घालायला लागले. आधी एखादं, मग पुष्कळ. सासू सुनेला काय बोलत होती देव जाणे, मी लिहिलं, "इतकं मीठ टाकते काय कोणी? माहेरी समुद्र होता काय?" पडद्यावर रडारड चाललेली, सगळा हॉल गप्प, आणि हे खो खो हसले. दोन-चार डोकी वळली. मी शालीत तोंड लपवलं. पण काय सांगू, ते हसणं ऐकून मला किती बरं वाटलं! स्टेनोच्या धर्माला बट्टा लागला तर लागो.

वर्षभर असं निभावलं. मग एक पिक्चर आला, सगळ्या गावात त्याचीच चर्चा. यांनी पेपरात जाहिरात पाहिली आणि आपणहून म्हणाले, "जाऊन पाहू ना आपण." सदर बाजार सुटल्यापासून यांनी स्वतःहून कुठे जाऊ म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी माझे सगळे नियम विसरले. मॉर्निंग शोच होता, पण रविवारचा. हॉल गच्च भरलेला. मागची रांग मिळाली नाही, मिळाल्या त्या अगदी मधल्या खुर्च्या. मागे एक जोडपं, नुकतं लग्न झालेलं असावं.

दहा मिनिटं गेली असतील नसतील, मागून आवाज आला. "आंटी, मोबाइल बंद कर लो ना. आँख में लग रहा है."

मी शाल खाली ओढली आणि उजेड आणखी कमी केला. तर यांना वाचता येईना. ते मोबाईल उचलून डोळ्यांजवळ नेऊ लागले, म्हणजे उजेड सगळीकडे.

"आंटी, घर में देख लेना रील. हम भी टिकट लेके आए हैं."

माझंच वाक्य! त्याच्या जागी मी असते तर याहून तिखट बोलले असते. पोरगा अगदी बरोबर होता, म्हणूनच मला जास्त राग आला, आणि तो काढायला जागा नव्हती. एक वाक्य पुरलं असतं, 'भैया, इनको सुनाई नहीं देता.' ओठांवर आलंही. पण भरल्या हॉलमध्ये ते कसं म्हणू? जे लपवण्यासाठी या माणसानं सगळं गाव सोडलं ते मी सगळ्यांना ओरडून सांगू? हे ऐकणार नव्हते, पण लोक वळून पाहतील ते तर यांना दिसणार होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तेवढ्यात टॉर्चवाला आला. "मैडम, प्लीज़." मी मोबाईल पर्समध्ये टाकला.

आता आमच्यामध्ये नुसता अंधार. पडद्यावर कोणी कोणाला काहीतरी महत्त्वाचं सांगत होतं. यांनी माझ्याकडे तळहात पुढे केला. मी तो दाबून खाली ठेवला. त्यांनी पुन्हा पुढे केला. मी मान हलवली, पण ती त्यांना दिसली नसावी. मग हे स्वतःच्या आवाजाचा अंदाज नसलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "का झालं? लिही ना! का म्हणून राहिला तो?"

सगळा हॉल वळला. पुढून कोणीतरी हसलं. मी उठले, यांचा हात धरला आणि लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढत बाहेर आले. मागचा पोरगा पाय आवरून घेत "सॉरी आंटी" म्हणाला. त्यानं मला जास्तच झोंबलं.

पार्किंगमध्ये ऊन रणरणत होतं. स्कूटरची चावी मला सापडेना, पर्स दोनदा उलटी केली. मनात एकच घोकणं चाललेलं. संपलं. आता हे म्हणतील, तूच जात जा. आता कधी यायचे नाहीत. मी चिडून बडबडत होते, टॉर्चवाल्यावर, त्या पोरावर, स्वतःवर, आणि यातलं काहीच यांना ऐकू जात नव्हतं.

यांनी खिशातून मशीन काढून कानात घातली आणि माझी उरलेली बडबड ऐकून घेतली. "पोट्टा बरोबर होता," म्हणाले. "दुसऱ्याचा पिक्चर काहून खराब करायचा?"

"मग तुम्ही यासान का नाही आता?" मी ओरडून विचारलं. "का घरातच बसान?"

"मले पिक्चरचं काय करायचं आहे?" हे शांतपणे म्हणाले. "तुले काय वाटते, मले समजत नव्हतं? मुंबईचा हिरो 'काहून बे' म्हणते का कधी? दोन पिक्चरमधल्या दोन सासवा मिठाचंच बोलतेत. सगळं तूच लिहून राहिली होती." मग म्हणाले, "घरी तू काय बोलते? जेवा. गोळी घ्या. नळ आला. तेही ओरडून. टॉकीजमधी तू तीन तास माझ्याशी बोलत होती. मी त्याच्यासाठी येत होतो."

माझे हात पर्समध्येच राहिले. मला वाटत होतं, मी यांना सिनेमा दाखवतेय.

"मग लिही ना आता," हे म्हणाले. "इथं कोणी मना नाही करत."

मी मोबाईल काढला. बोटं कीबोर्डवर ठेवली आणि तशीच उभी राहिले. कानात कोणाचाच आवाज नव्हता. साहेब नाही, हिरो नाही, सासू नाही. दुसऱ्याच्या मागे माझी बोटं कशी धावायची, आणि आता स्वतःचं एक वाक्य निघेना. हे चष्मा कपाळावर सरकवून वाट पाहत होते. स्कूटरची सीट तापलेली होती, तरी तिच्यावर हात टेकून उभे.

मग लिहिलं. "मले भेव वाटते. तुम्ही असे चूप होत गेले तं मी कोणाशी बोलू?"

यांनी उन्हासाठी मोबाईलवर तळहाताची सावली धरली आणि पुन्हा पुन्हा वाचलं.

"मलेबी," हे म्हणाले, साऱ्या पार्किंगला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "मलेबी तेच भेव वाटते."