ब्रेकमधलं ऑपरेशन

अक्कांनी आजारी कधी पडायचं, हे नऊ वर्षं ठेकेदार ठरवत आला होता. इस्पितळाच्या लाँड्रीत त्या कामाला. अकरा महिने काम, मग महिनाभर ब्रेक, मग पुन्हा भरती. म्हणजे जुन्याच बाईला दरवर्षी नव्यानं ओळखायचं सोंग. अकरा महिन्यांत कुणी दुखणं काढून दोन दिवस घरी राहिली, की पुढच्या यादीतून तिचं नाव गळलंच. म्हणून दाढ ठणकली तरी ब्रेकची वाट, डोळ्यावर पडदा आला तरी ब्रेकची वाट. बाकी सगळं अंगावर काढायचं, आणि तेही डॉक्टरांच्या नाकासमोर, त्यांचेच कोट धूत.

ओल्या चादरींचे पिळे उपसून बेंबीपाशी हर्नियाची गाठ आली. ती त्यांनी सात महिने पट्ट्याखाली दाबली आणि ब्रेक लागताच कापून घेतली. सहा आठवडे वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. महिन्याच्या ब्रेकमध्ये सहा आठवडे कसे कोंबायचे, ते त्यांनी सांगितलं नाही.

बाराव्या दिवशी ठेकेदाराचा मुकादम दारात. यंदाचा ब्रेक रद्द. चादरींचे ढीग छताला टेकलेत. उद्या सकाळी हजर व्हायचं. खुर्चीवर बसायच्या आधी त्यानं रुमालानं ती झटकली. नुसत्या सर्दीनं चार दिवस पगारी रजा घेणारा हा गडी आता ‘आपण सगळे एक कुटुंब’ म्हणून गळा काढत होता. बरोबर कागद आणला होता: माझी प्रकृती उत्तम असून मी स्वखुशीने रुजू होत आहे.

“सही करून टाक, हळूहळू उचल,” नवरा पुटपुटला.

“भाऊजी, टाके तुमच्या पोटाला नाहीत,” बारा दिवस घर सांभाळणारी धाकटी जाऊ आतून म्हणाली.

अक्कांनी पेन मागितलं. ‘उत्तम’ खोडलं. वर सावकाश लिहिलं: बारा दिवसांपूर्वी ऑपरेशन, जखम ओली. खाली सही केली.

मुकादमाचा चेहरा आंबला. “असला कागद मी वर देऊ? मलाच झापतील.” त्यानं पिशवीतून तसाच दुसरा कागद काढला. “हा नीट भरा. बाहेर वीस जणी रांगेत आहेत.”

“त्यातल्या एकीला तरी विचारा, पोट कसं आहे म्हणून,” अक्का म्हणाल्या आणि पेनाचं टोपण लावून त्याच्या हातात ठेवलं.

तो नाव कापल्याचं ऐकवून, पायऱ्या आपटत गेला. पुढं काय, नवऱ्यानं विचारलं. ते अक्कांना तरी कुठं ठाऊक होतं?

“पुढं काही नाही. मी आजारी आहे,” त्या म्हणाल्या आणि भर दुपारी, सगळ्यांदेखत, आडव्या झाल्या.